खाजणाचा बाप

"वाच पुन्ना. हलू वाच. मना नीट आयकाचंय."

अंजनाबाईच्या हातात जिवंत चिंबोरी होती. तिच्या नांग्या सुतळीने आवळता आवळता तिने मुलाला हुकूम सोडला. कृणालने मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि एकेक शब्द खिळा ठोकल्यासारखा वाचला.

"'खाजण म्हणजे दलदल नव्हे. संस्कृतातल्या खाद्य या शब्दाचा प्राकृतात खज्ज झाला आणि त्यातून खाजण आला. जी जमीन माणसाला खाऊ घालते ती खाजण. म्हणजेच माणसाने कसलेलं शेत.' खाली नाव आहे आई. बिल्डरच्या वकिलाने नावासकट दिलंय. तुळशीदास. आपला तुळशीदासकाका."

आपला तुळशीदासकाका तेव्हा दारातच उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बंदाच्या चपला, आणि तोंड असं की कुणीतरी भर बाजारात धोतर फेडलंय. अंजनाबाईचा तो धाकटा दीर. ती लग्न होऊन पाड्यात आली तेव्हा हा शेंबडा पोर होता, तिनेच त्याला न्हाऊ घातलेलं. त्यामुळे भावजी वगैरे कधी झालंच नाही. सरळ तुलशा.

"तुलशा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मासळी बाजारात जिचा आवाज पार रिक्षा स्टँडपर्यंत जातो, ती बाई आवाज चढवत नाही म्हणजे काय ते पाड्यातल्या कुत्र्यालाही कळतं. "माझा मानूस खाल्ला त्या खाजनानं. आनि तू लिवलंस का ते खाऊ घालतंय?"

"वहिनी, ते शब्दाबद्दल होतं. मातीबद्दल नव्हतं."

"शब्दाला काय नाकावर टिचवू?"

"काका, तुला कळतंय का तू काय केलंयस?" कृणाल उसळला. "सोमवारी सुनावणी आहे. वाट लागली आपली. बाहेरच्याने मारलं असतं तर चाललं असतं यार, हा घरातला निघाला!"

प्रकरण अगदी सोपं होतं. दहिसरच्या खाडीला लागून त्यांचा पाडा, आणि पाड्याच्या मागे तिवरांपर्यंत पसरलेलं खाजण. भरतीला त्यावर पाणी, ओहोटीला मांडीभर चिखल. त्या चिखलातल्या बिळांत आकडी घालून पाड्यातल्या बाया चिंबोऱ्या काढतात आणि त्यावर घर चालवतात. बिल्डरला तिथे भराव टाकून टॉवर उठवायचे होते. सरकारने नेमलेली समिती ठरवणार, की ही जागा पाणथळ आहे की जुनी शेतजमीन. पाणथळ ठरली तर कुणाच्या बापाला हात लावता येणार नाही. शेत ठरलं की डंपर आलेच म्हणून समजा. आणि जुन्या सरकारी कागदांत त्या जागेपुढे एकच शब्द होता, खाजण. ना पाणथळ, ना शेत. मग दोन्ही बाजू त्या शब्दावर तुटून पडल्या, आणि बिल्डरच्या हाताला नेमका तुळशीदासचा लेख लागला.

"मी बघतो," तुळशीदास म्हणाला.

"तू आता काय पन बगू नको," अंजनाबाई म्हणाली आणि सुतळी दातांनी तोडली. "जा तू."

आता हा तुळशीदास कोण, ते सांगायला हवं. पाड्यातला पहिला बी.ए. नंतर एम.ए., तेही संस्कृत घेऊन. कोळ्याच्या पोराने संस्कृत घेतलं म्हणून पाड्यात हसले आणि पार्ल्याच्या कॉलेजात तर फारच हसले. पहिल्या दिवशी उशीर होऊ नये म्हणून तो खाजणातून आडवा निघाला आणि पोटऱ्यांना वाळलेला चिखल तसाच घेऊन वर्गात शिरला. मागच्या बाकावरून नंदकुमार ओरडला, "आला बघा चिखल्या!" वर्ग फुटला. तुळशीदासही हसला. दुसरं करणार काय? पण ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे नंदकुमार त्याच कॉलेजात प्राध्यापक झाला, भाषाशास्त्राचा विभागप्रमुख झाला, आणि तुळशीदास त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावत राहिला. स्टाफरूममधून निरोप यायचा, "चिखल्याला सांगा, तो जाडा कोश पाठव."

जाडा कोश पाठवायच्या आधी चिखल्या तो स्वतः वाचायचा. खुन्नस होती ती. चिखल्या म्हणता काय? थांबा, चिखलाचं खानदान दाखवतो तुम्हाला! आणि खानदान खरंच निघालं. आपला 'पंक' म्हणजे चिखल; इंग्रज पाणथळीला 'फेन' म्हणतो तो याचाच भाऊबंद, कारण इकडचा प तिकडे जाऊन फ होतो. पल्वल म्हणजे डबकं, तर रोमनांचा 'पालुस' आणि लिथुआनियातला 'पेल्के' त्याचेच नातलग. आपलं 'सरस्' म्हणजे कमळांचं तळं, पण तोच शब्द ग्रीकांकडे 'हेलोस' होऊन दलदलीत जाऊन बसला. काठियावाडी माणूस साचुंचं हाचुं करतो ना, तसा ग्रीकांनी स चा ह केला. हे सगळं मोठमोठ्या विद्वानांनी केव्हाच मांडून ठेवलेलं होतं, पण तुळशीदासला ते वाचताना छाती फुगल्यासारखी व्हायची. चिखल म्हटलं की नाक मुरडणारी माणसं पंकज नावाचं पोर कडेवर घेऊन मिरवतात, हे त्याला पक्कं कळलं होतं. शब्दाचं घराणं चांगलं असलं की त्याची घाण धुतली जाते.

अडचण एकच होती. पंकाला विलायतेत सोयरे, पण चिखलाला कुणी नाही. विद्वान त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून मोकळे. आणि खाजणाकडे तर कुणी ढुंकूनही बघितलेलं नाही. पाड्याच्या मागचा, आईच्या तोंडचा शब्द, आणि त्याला ना बाप ना आजा. तुळशीदासला ते सोसवेना.

त्याच सुमारास त्याचा थोरला भाऊ धोंडू खाजणात गेला. अंजनाबाईचा नवरा. चिंबोरीचं बीळ खोल होतं, तो कमरेपर्यंत रुतला, आणि भरती लागली. हाका पाड्यापर्यंत आल्या, माणसं धावली, फळ्या टाकल्या, दोर टाकला. पाणी आधी पोचलं. तुळशीदास तेव्हा पार्ल्याला पुस्तकांवरची धूळ झटकत होता. तो घरी आला तेव्हा भावाला अंगणात निजवलेलं होतं आणि अंजनाबाई त्याच्या कानातला चिखल पदराने काढत होती.

पुढच्याच दिवाळीला एका छोट्या मासिकाच्या अंकात त्याचा लेख आला. खाजण, जी जमीन माणसाला खाऊ घालते ती. भावाला गिळलेल्या जागेचं नाव त्याला एवढं गोड करून घ्यायचं होतं. खाद्य, खज्ज, खाजण. सरळ वंशावळ. मधल्या पायऱ्या कुठे सापडत नव्हत्या, त्या त्याने अंदाजाने भरल्या. जन्मात छापून आलेलं त्याचं हे एकच लिखाण. अंजनाबाईला वाचता येत नव्हतं आणि त्याने तिला वाचून दाखवलं नाही.

वहिनीने हाकलल्यावर तो तडक पार्ल्याला गेला. लेख वकिलाच्या हाती कुणी दिला असेल, ते त्याला सांगावं लागलं नाही. तो अंक पार्ल्यात एकाच माणसाला त्याने भेट म्हणून दिला होता.

"अरे, चिखल्या! ये ये," नंदकुमारने दार उघडलं. जुनी बिल्डिंग पाडून नवी झाली होती, घर लख्ख होतं, आणि नंदकुमारही केस काळे करून लख्ख झाला होता. "फोन करणारच होतो. कळलं ना तुला?"

"तू बिल्डरकडून उभा राहणार?"

"मी कुणाकडून नाही. भाषातज्ज्ञ म्हणून बोलावलंय, शास्त्र सांगणार. आणि शास्त्र कुणाचं? तुझं! बस ना. अगं, चहा टाक, तुळशीदास आलाय."

तुळशीदास. त्या घरात हे नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. तुळशीदास भांडायला म्हणून उभा होता तो बसला.

"माझा लेख तिथे नको वापरू," तो म्हणाला. "पाडा उठेल आमचा."

"मला एक सांग. तुझी व्युत्पत्ती चूक आहे असं तुला वाटतं?"

"तसं नाही, पण..."

"मग पण कसला? फार सुंदर काम आहे ते. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, राहून गेलं." नंदकुमारने जवळ सरकून गुडघ्यावर हात ठेवला. "ऐक. तुझं ते सगळं, पंक, पल्वल, हेलोस, त्याचं पुस्तक करू. बिल्डरच्या लोकांचं एक सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे, ते छापतील. खाजणाचं प्रकरण पहिलं घे."

"कोण वाचणार ते?"

"प्रस्तावना मी लिहिणार म्हटल्यावर वाचतील की."

इथे तुळशीदासने चिडायला हवं होतं. कप आपटून उठायला हवं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर चिखल्या म्हणून हाक मारली, त्याच्या प्रस्तावनेवर थुंकायला हवं होतं. पण माणसाची भूक फार वाईट असते, आणि मानाची भूक तर पोटाच्या भुकेहून निर्लज्ज. तुळशीदासने खालमानेने विचारलं, "प्रस्तावनेत काय लिहिशील?"

"लिहीन की, माझे मित्र तुळशीदास यांनी एका अनाथ शब्दाला घराणं मिळवून दिलं."

चहात आलं होतं. तुळशीदासने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत आला, आणि वाटभर ते एकच वाक्य मनात घोळवत आला. त्याची त्यालाच लाज वाटत होती, तरी घोळवत होता.

पाड्यात त्याआधीच बातमी पोचली होती. कृणालच्या दोस्ताने त्याला नंदकुमारच्या बिल्डिंगमधून निघताना पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीदासने दार उघडलं तर दाराला बाहेरून चिखल फासलेला. नुसता हात पुसल्यासारखा नाही, बालदीभर आणून चांगला लिंपलेला. कडीत, कुलपात, नावाच्या पाटीवर. ओलाच होता अजून आणि खाडीचा वास मारत होता.

तो बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. त्याने पँट दुमडली, पाणी आणलं, आणि चिंधीने दार धुवायला बसला. समोरच्या ओट्यावर बाया मासे निवडत होत्या. एरवी "काय तुलशीदास, च्या झाली का?" असं विचारणाऱ्या. आज एकीचं तोंड उघडलं नाही. टपरीवाल्याने दूध संपलं म्हणून सांगितलं आणि त्याच्यादेखत मागच्या पोरीला पिशवी दिली. कृणाल मोटरसायकल रेमटवत गेला तेव्हा मुद्दाम डबक्यातून गेला.

अंजनाबाई टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. ती त्याच्या दारापाशी थांबली.

"मी नाय सांगितला कुनाला चिखल फासाला," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"पन पोरांना नको पन नाय बोलले."

"तेही माहीत आहे."

ती जाईना. चिंधी पिळताना त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, ते ती बघत होती. "त्यांच्या कानानचा चिखोल मी काढला व्हता," ती म्हणाली. "तू तवा पुस्तक काढत व्हतास. एवढाच सांगते. सोमवारी ये नाय तर नको येऊ."

तिने टोपली सावरली आणि गेली. तुळशीदासने चिंधी पिळली आणि कडीतला चिखल नखाने उकरायला लागला.

सुनावणी एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. आदल्या रात्रीच्या हळदीची झेंडूची तोरणं तशीच लोंबत होती आणि पाठीमागे थर्माकोलवर सोनेरी अक्षरांत 'सौरभ आणि कल्पिता' लिहिलेलं. त्या सोनेरी नावांखाली समितीचे लोक बसले. अध्यक्ष म्हणून आलेले अधिकारी सर्दीने हैराण होते. पाडा सगळा उजव्या बाजूला, बिल्डरची माणसं डावीकडे पंख्याखाली. तुळशीदास आला आणि कुठे बसावं ते त्याला कळेना. उजवीकडे सरकून जागा देणारं कुणी नव्हतं. तो दाराजवळच्या खुर्चीत टेकला.

नंदकुमार बोलायला उभा राहिला आणि बोलला मात्र झकास. आवाज तयार, हात तयार. पंक आणि फेन, पल्वल आणि पालुस, सगळं नाचवत नाचवत त्याने मांडलं. तुळशीदासच्या ओठांवर प्रत्येक शब्द त्याच्याआधी येत होता.

"जगभरच्या आपल्या सोयऱ्या भाषांनी दलदलीसाठी हे शब्द राखून ठेवले," नंदकुमार म्हणाला. "खाजण त्यांत बसत नाही. तो आहे अन्नाच्या घराण्यातला. आणि हे मी म्हणत नाही. याच पाड्याचे सुपुत्र, माझे मित्र, संशोधक तुळशीदास यांनी हे सिद्ध केलंय. एका अनाथ शब्दाला त्यांनी घराणं मिळवून दिलं!"

डावीकडून टाळ्या आल्या. खऱ्याखुऱ्या टाळ्या. तुळशीदासच्या कानाच्या पाळ्या तापल्या. संशोधक! साऱ्या जन्माची हौस अशी भरल्या हॉलमध्ये फिटत होती, आणि त्याला उजवीकडे बघवत नव्हतं.

"थू!" उजवीकडून कुणीतरी म्हणालं.

बिल्डरच्या वकील विनिता मॅडम उठल्या. बाई सभ्य होत्या, गोड बोलत होत्या. "ते इथे हजर आहेत, तर त्यांनाच विचारू. सर, पुढे येता का? हा लेख तुमचाच?"

तुळशीदास पुढे गेला. "माझाच."

"तुमचं मत आजही तेच आहे?"

"बोल रे बिल्डरच्या कुत्र्या!" कृणाल खुर्चीवर उभा राहिला होता. "बोल ना, हाड टाकलंय ना त्यांनी!"

"खाली बसा!" अध्यक्ष शिंकत ओरडले.

तुळशीदासने उजवीकडे पाहिलं. सगळे डोळे आग ओकत होते. एकटी अंजनाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती. नखांत कायमचा काळा मळ बसलेले, नांग्यांनी फाडलेले हात. भावाचा कान साफ करताना याच नखाला तिने पदर गुंडाळला होता.

"नाही," तो म्हणाला.

"माफ करा?"

"मत तेच नाही. ती व्युत्पत्ती खोटी आहे."

नंदकुमार हसला, मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाला, "तुळशीदास दडपणाखाली आहेत. सगळा गाव मागे बसलाय त्यांच्या."

"दडपण कसलं? दाराला चिखल फासला होता तो केव्हाच धुतला मी." तुळशीदास अध्यक्षांकडे वळला. "खज्जपासून खाजणापर्यंत मधे एक पायरी मला सापडली नव्हती. मी ती घातली. त्या शब्दाला बाप नव्हता, म्हणून मी संस्कृतातला एक धरून आणून लावून दिला. मला लाज वाटायची, बास."

"मग खरा बाप कोण, ते सांग!" नंदकुमारच्या तोंडून आपोआप एकेरी निघालं. "इतकं छातीठोक बोलतोयस तर सांग ना!"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही! हे शास्त्र झालं?"

"हेच शास्त्र. ठाऊक नाही तिथे ठाऊक नाही म्हणायचं असतं. तूच तर शिकवायचास ते पोरांना. काही शब्द इथलेच असतात रे, त्यांना ग्रीसमध्ये मावशी नसते. त्यांनी काय मरावं?"

उजवीकडे कुणीतरी हसलं आणि दबलं. विनिता मॅडमनी फाइल बंद केली. "ठीक आहे सर. तुमचा लेख तुम्ही मागे घेताय. पण मग ही जमीन शेत नव्हती, हेही तुम्हाला ठाऊक नाही, बरोबर ना? शब्द तर तुमच्या मते काहीच सांगत नाही."

बाई सभ्य होत्या, आणि सुरी अशी सभ्यपणेच फिरवायची असते. शब्दाचा आधार तुळशीदासने आत्ताच स्वतःच्या हाताने काढून टाकला होता. आता हातात काही उरलं नव्हतं. एकच उरलं होतं, आणि ते त्याने धोंडू गेल्यापासून कुठेही, कुणापुढेही उच्चारलेलं नव्हतं.

"शब्द सांगत नाही," तो म्हणाला. "मी सांगतो. माझा थोरला भाऊ धोंडू त्या जमिनीत बुडून मेला. उभ्याउभ्या. कमरेपर्यंत चिखल आणि वरून भरती. शेतात माणूस बुडून मरतो का हो?"

विनिता मॅडम खाली बसल्या.

"हे... नोंदवून घ्यायचं का?" अध्यक्षांनी रुमाल खाली केला.

"घ्या. आणि माझं नाव नीट लिहा. संशोधक वगैरे काही नको. त्याचा भाऊ, एवढं लिहा."

बाहेर पडताना नंदकुमारने त्याला पायऱ्यांवर गाठलं. रागाने त्याची हनुवटी हलत होती. "माझी अब्रू घालवलीस चारचौघांत. पुस्तक विसर आता. अख्खा जन्म ग्रंथालयात काढलास, पण चिखल्या तो चिखल्याच राहिलास."

"राहिलोच," तुळशीदास म्हणाला. "तुझ्या प्रस्तावनेत हेच लिही."

पाड्याने त्याला खांद्यावर घेतलं असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. कृणाल मोटरसायकलला किक मारता मारता म्हणाला, "हे आधी सुचलं असतं तर इथवर आलंच नसतं ना, काका." आणि निघून गेला. खोटं नव्हतं ते. टपरीवाल्याने दुसऱ्या दिवसापासून दूध दिलं, बाया ओट्यावरून बोलायला लागल्या, पण पहिल्यासारखं नाही. निकाल आला नाही. समिती जागा पाहायला येणार होती, ती आली नाही. पंक, पल्वल आणि हेलोसची बाडं तुळशीदासने गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली. त्यांच्यावर त्याचा राग नव्हता. पण आता ती उघडावीशी वाटत नव्हती.

मग एका दुपारी ओहोटीच्या वेळी अंजनाबाई त्याच्या दारात आली. एका हातात आकडी, दुसऱ्यात टोपली.

"चल. माझा खांदा दुखतंय. टोपली धराला मानूस पाह्यजे."

"मी?"

"मंग काय तुझ्या मास्तराला बोलावू?"

धोंडू गेल्यापासून तुळशीदास खाजणाच्या बांधापलीकडे उतरला नव्हता. तिच्या हातातली टोपली घेऊन तो तिच्या मागून निघाला. बांधावर पोचल्यावर समोर सगळं उघडं पडलेलं होतं, काळं, चकचकीत, तिवरांपर्यंत. चिखलात बुडबुडे फुटत होते. अंजनाबाईने साडी खोचली आणि घरात शिरावं तशी खाली उतरली.

"चपला हातान घे," ती मागे न बघता म्हणाली. "नायतर खाजन खाईल."

तुळशीदास बांधावर थबकला. खाजण खाईल. खाऊ घालणारं नव्हे, खाणारं! तोच धातू, आणि अर्थ असा उलटा फिरलेला. डोक्यात भराभर खुंट्या बसायला लागल्या, खाद्, खज्ज... त्याचं तोंड उघडलं होतं.

"काय?" अंजनाबाईने वळून पाहिलं. तिला त्याचं हे तोंड चांगलं ठाऊक होतं.

तुळशीदासने तोंड मिटलं. मग विचारलं, "वहिनी, ह्याला खाजण का म्हणतात गं?"

"म्हनतान म्हनून."

ती पुढे गेली. तोही उतरला. या सगळ्यात चपला काढायच्या राहूनच गेल्या. थोडं आत गेल्यावर उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत गेला, आणि ओढून काढला तेव्हा नुसता पाय आला. वर चिखल सपाट होऊन मोकळा झाला होता, जसं काही तिथे कधी काही नव्हतंच. त्याने हात घालून चाचपलं. काही लागलं नाही.

अंजनाबाई थांबली होती. तिने आकडीने जरा पलीकडे, तिवराच्या एका वाकड्या खोडाकडे दाखवलं. "तितं," एवढंच ती म्हणाली.

तुळशीदासने त्या खोडाकडे बघितलं. तिथे बाकीच्या चिखलासारखाच चिखल होता. त्याला वाटत होतं की आपण रडू, आणि मग खरंच रडू आलं. टोपली छातीशी धरून तो उभ्या उभ्या रडला. अंजनाबाईने जवळचं बीळ बघून आकडी आत सारली.

रडणं ओसरल्यावर त्याने डाव्या पायातली चप्पल काढली. एकटी चप्पल नेऊन करायचं काय? त्याने ती खोडाच्या दिशेने टाकली.

"येडा हायस," अंजनाबाई म्हणाली. "येवढा शिकून पन येडाच ऱ्हायलास." तिने बिळातून चिंबोरी ओढून काढली, टोपलीत टाकली आणि पुढच्या बिळाकडे चालू लागली. तिच्या पावलांचे खड्डे पाठोपाठ पाण्याने भरत होते. ते भरायच्या आत तुळशीदास त्यांत एकेक पाय टाकत तिच्या मागून गेला.